मर्टल आत्याला चोर हवा होता

आमच्या टारबर्नमध्ये ज्याच्या घराण्यात चोर नाही त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. पूर्वी असं नव्हतं. माझ्या लहानपणी कुणाचा खापरपणजोबा कैदी म्हणून टास्मानियात आला होता असं नुसतं कुजबुजलं तरी ठरलेलं लग्न मोडायचं. लोक घरातले जुने कागद जाळायचे, आडनावातली अक्षरं बदलायचे आणि विचारलं की सांगायचे, आमचे पूर्वज लष्करात कॅप्टन होते. सगळ्यांचं खरं मानलं असतं तर राणीच्या फौजेत शिपाई एकही नव्हता, नुसते कॅप्टनच होते.

मग कधीतरी वारं फिरलं. कुठल्याशा मंत्र्याने भाषणात आपली पणजी पाकीटमार होती असं अभिमानाने सांगितलं, राजधानीतल्या, हॉबार्टच्या मोठमोठ्या घरांतून चोर निघू लागले, आणि बघता बघता टारबर्नचे सगळे कॅप्टन निवृत्त झाले. गावात बाणछाप मंडळ निघालं. कैद्यांच्या कपड्यांवर सरकारी माल म्हणून बाण छापलेला असायचा, त्यावरून हे नाव. मंडळात शिरायचं तर आपला पूर्वज कैदी होता याचा कागद दाखवावा लागतो. मग पितळी बाणाचा बिल्ला मिळतो आणि ऑगस्टातल्या वार्षिक जेवणाला बसता येतं. तिथे एकेकाने उभं राहून आपल्या पूर्वजाचा गुन्हा सांगायचा. मेंढीचोराला बऱ्यापैकी टाळ्या पडतात, खोट्या नोटा छापणाऱ्याला जास्त, आणि मालकाचं घर पेटवणाऱ्यासाठी लोक उभे राहतात.

मंडळाची अध्यक्ष ग्वेंडा स्प्राउल. खाटकाची विधवा. अजूनही हात असे की हस्तांदोलन केलं की आपण आपली बोटं मोजून घ्यावीत. तिची खापरपणजी ब्रिजेट हॅलिनन म्हणजे आमच्या गावची महाराणी. आयर्लंडात दोन चादरी आणि एक बदक चोरून ती इकडे आली, आणि गावाबाहेर नदीकाठी बायकांचा जो तुरुंग होता त्यात तिने अक्षरशः धिंगाणा घातला. त्या तुरुंगाला सगळे फॅक्टरी म्हणतात, कारण आत मेट्रन, म्हणजे तिथली मुख्य बाई, बायकांकडून लोकर कातून आणि गावाचे कपडे धुऊन घ्यायची. ब्रिजेटचे आतले गुन्हे सरकारी वर्तनपत्रकात ओळीने लिहिलेले आहेत. प्रार्थना चालू असताना बकरीचा आवाज काढला. पाद्र्याला लग्नाची मागणी घातली. मेट्रनला म्हातारी डुकरीण म्हणाली. मेट्रनच्या अंगावर दुधाची बादली ओतली. ग्वेंडाने हे सगळे गुन्हे भांडी पुसायच्या टॉवेलवर छापून घेतले होते आणि शनिवारच्या बाजारात ती ते विकायची. दुधाची बादली सगळ्यात लोकप्रिय. वार्षिक जेवणात ग्वेंडा त्या ओळीवर आली की लोक चमच्यांनी टेबलं बडवायचे.

आणि माझ्या मर्टल आत्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

मर्टल बॅस्कम ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी उमर गावच्या दवाखान्यात सुईणीचं काम केलं. मंडळाचे निम्मे सभासद तिच्याच हातांवर जगात आले आणि ती त्यांना ते विसरू देत नसे. ग्वेंडाची दोन्ही पोरंही तिनेच सोडवली. अशा बाईला बिल्ला नाही हे तिला सहन होईना. एका सकाळी ती मला घेऊन ग्वेंडाच्या दारात उभी राहिली.

"कागद आण, बिल्ला घेऊन जा," ग्वेंडा म्हणाली. "कागद नाही तर बिल्ला नाही."

"माझ्या बापाचं तोंड पाहिलं असतंस तर कागद मागितला नसतास."

"तोंड बघून घ्यायला लागले तर अख्खं गाव आत येईल, मर्टल."

"तुझा थोरला उलटा आला होता, आठवतंय ना? पाय आधी. तेव्हा मी कागद मागितला होता का?"

"नाही."

"अजून तसाच आहे तो," असं म्हणून आत्या पायऱ्या उतरली.

गाडीत बसल्यावर तिने मला तिचा हिशेब समजावला. "डेस, मला सांग, माणूस लपवतो काय? आमच्या घरात साधू होता म्हणून कुणी गप्प बसतं का? जेवताना मी आजोबा-पणजोबांचा विषय काढला की बाबा म्हणायचे, बटाटे खा. दरवेळी. बटाटे खा. इतके बटाटे खायला घालणाऱ्या घरात निदान एक खून तरी असणार."

मला ते पटलं. मी शाळेची बस चालवून नुकताच निवृत्त झालो होतो, बायको तिच्या बहिणीकडे मेलबर्नला गेली होती, आणि आत्याचं लायसन्स बोलिंग क्लबच्या कुंपणात गाडी घातल्यापासून सरकारने काढून घेतलं होतं. कुंपणच पुढे आलं असं तिचं म्हणणं. तेव्हा तिला हॉबार्टच्या दफ्तरखान्यात नेण्याची कामगिरी माझ्यावर आली.

दफ्तरखान्यात रॉली नावाचा कारकून होता. कानात बाळी, हातावर मासा गोंदलेला, आणि म्हाताऱ्यांशी बोलण्याची त्याची सवय अशी की जणू आपण सगळेच बहिरे. आत्याने त्याला आधी हळू बोलायला लावलं आणि मग कामाला लावलं. आत्याच्या आजोबांचं नाव तिला ठाऊक होतं, त्यांच्या बापाचं नाव जोसाया हेही कुठूनसं ठाऊक होतं. रॉलीने यंत्रावर नाव घातलं आणि जोसाया बॅस्कमच्या बाप्तिस्म्याची नोंद पडद्यावर आली. आईचं नाव केझाया. राहण्याचं ठिकाण, फॅक्टरी, टारबर्न.

आत्याने माझा दंड असा धरला की सुईण असताना तिने किती जणींना धीर दिला असेल ते मला कळलं.

"फॅक्टरी," ती म्हणाली. "पोरगं तुरुंगात जन्मलं, डेस."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कैद्यांच्या यादीत केझाया बॅस्कम दिसत नाही पण," रॉली म्हणाला. "मूळ कागद मागवतो. जरा थांबावं लागेल."

"लग्नाआधीच्या नावावर असेल ती."

"म्हणूनच म्हणतो, मूळ कागद..."

"पोरा, आजवर तो कागद कुठे पळाला नाही, पुढच्या आठवड्यातही पळणार नाही," असं म्हणून आत्याने नोंदीची प्रत पर्समध्ये घातली. तिला थांबायचं नव्हतं. तिला गावात जाऊन सांगायचं होतं.

आणि तिने सांगितलं. बेकरीत सांगितलं, औषधांच्या दुकानात सांगितलं, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाईंना थांबवून सांगितलं. टारबर्नमध्ये इतक्या आनंदाने कुणी आपली आजी तुरुंगात होती असं सांगितलं नसेल. ग्वेंडाने कागद चष्मा लावून पाहिला, उजेडात धरून पाहिला, आणि शेवटी नाइलाजाने मान हलवली.

"गुन्हा काय होता?"

"कळायचाय. पण मोठा असणार."

जेवणाचा कार्यक्रम छापायला जायचा होता, म्हणून त्यात छापलं गेलं: मर्टल बॅस्कम, पूर्वज केझाया बॅस्कम, गुन्हा लवकरच. आत्याने नवा जांभळा कोट शिवायला टाकला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा हॉबार्टला गेलो. रॉली आमची वाटच बघत होता. एखाद्याच्या नातेवाइकाला वाईट बातमी द्यायची असली की डॉक्टर जसे खुर्चीवर बसायला सांगतात, तसं त्याने आत्याला बसायला सांगितलं.

"केझाया बॅस्कम सापडल्या," तो म्हणाला. "कैद्यांमध्ये नाहीत."

"मग?"

"पगारपत्रकात आहेत. त्या फॅक्टरीच्या मेट्रन होत्या. नवरा फाटकावर द्वारपाल. दोघं आतच राहायचे, म्हणून पोराच्या नोंदीत तो पत्ता."

आत्याने पर्समधली प्रत काढून पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "दुसरी कुणी केझाया असेल."

"त्या काळी टारबर्नमध्ये केझाया एकच होती," रॉली म्हणाला, "आणि तिच्याविषयी लोकांचं म्हणणं बरंच आहे."

त्याने इतर कैदी बायकांची वर्तनपत्रकं काढली आणि आमच्यापुढे एकेक ठेवत गेला. मेट्रन बॅस्कमला सुजलेली घूस म्हणाली, शिक्षा अंधारकोठडी. मेट्रन बॅस्कमच्या टोपीत मेलेला उंदीर ठेवला, शिक्षा केस कापणे. मेट्रन बॅस्कमची चाल करून दाखवली आणि सगळ्या कैद्यांना हसवलं, शिक्षा पाव आणि पाणी. मेट्रन बॅस्कमला मिशीवाली मांजर म्हणाली. पुढे दुसऱ्याच एका बाईच्या पत्रकात पुन्हा मिशीवाली मांजर. तिसरीने मांजर सोडून नुसतंच मिशीवाली म्हटलं होतं, तरी शिक्षा तेवढीच. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास दुसऱ्यांच्या शिव्यांत लिहिलेला होता.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. रॉलीने तोही केला नाही. आत्या ओठ घट्ट मिटून वाचत राहिली. मग तिने नकळत वरच्या ओठावरून बोट फिरवलं, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आमच्याकडे वळून पाहिलं.

परत येताना वाटेत एका ठेल्यावर आम्ही चहा घेतला. लोणी लावलेला स्कोन समोर तसाच ठेवून ती म्हणाली, "डेस, ग्वेंडाच्या टॉवेलवरची म्हातारी डुकरीण म्हणजे आपली आजी."

"खापरपणजी."

"तेच ते. दहा-बारा वर्षं मी त्या टॉवेलने बशा पुसते आहे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता कळलं बाबा बटाटे का खायला सांगायचे. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं त्या बायकांची नातवंडं-पतवंडं. ती पोरं लाजेने गप्प, आणि बाबा त्यांच्या भीतीने गप्प. एकदा शाळेतून दात पाडून घेऊन आले होते म्हणे, आणि कुणी पाडला ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही."

"मग आता बिल्ला?"

"कुणाला सांगू नकोस. अजून आशा आहे."

आशा ही होती की रॉलीने निघताना सांगितलं होतं, केझाया बॅस्कमला नोकरी सोडावी लागली त्याआधी तिच्यावर चौकशी बसली होती. चौकशीचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात होते, तो काढून ठेवणार होता. आत्याने वाटभर त्यावर विचार केला. चौकशी झाली म्हणजे काहीतरी केलं असणार. काहीतरी केलं असेल तर शिक्षा झाली असेल. शिक्षा झाली असेल तर मेट्रनची कैदी झाली असेल. "बाई उशिरा बिघडली असेल," ती म्हणाली. "कुणी उशिरा बिघडतात. तुझ्या बापाने पन्नाशीनंतर जुगार सुरू केला."

त्या तिसऱ्या खेपेबद्दल मला थोडं नीट सांगायला हवं.

आत्याने मला गठ्ठा वाचू दिला नाही. स्वतः वाचत बसली. मी बाहेर जाऊन दोनदा कॉफी प्यायलो, गाडी दुसऱ्या जागी लावली, परत आलो, तरी ती त्याच पानावर होती. मी शेजारी बसलो तेव्हा तिने चष्मा काढला आणि ते पान माझ्याकडे सरकवलं.

फॅक्टरीत बाळंत झालेल्या बायकांची पोरं एका खोलीत वेगळी ठेवायचे. आयांना कामाला लावायचे आणि पोरांना वरचं दूध. एका हिवाळ्यात त्या खोलीतली पोरं एकामागून एक मरू लागली. नव्या डॉक्टरला शंका आली, त्याने वर कळवलं, आणि चौकशी बसली. कैदी बायकांचे जबाब घेतले गेले. माझ्यासमोरचा जबाब ब्रिजेट हॅलिननचा होता.

दूध निळं दिसायचं, असं तिने सांगितलं होतं. बोटावर घेतलं तर थांबायचं नाही, पाण्यासारखं ओघळायचं. मी मेट्रनबाईंना सांगितलं की माझं पोर रडायचं थांबलंय, आणि हे चांगलं लक्षण नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या पोराला आता साय हवी का. दुसऱ्या दिवशी पोर गेलं. त्या पोरांच्या खोलीत बादली घेऊन आल्या तेव्हा मी ती बादली त्यांच्या अंगावर ओतली. त्यांचा झगा भिजला पण पांढरा झाला नाही, हे तिथे असलेल्या सगळ्यांनी पाहिलं.

पोराचं नाव कॉर्नेलियस. नऊ महिन्यांचं.

चांगलं दूध रोज पहाटे मागच्या दाराने गावातल्या खानावळीत जात होतं. हे सिद्ध झालं होतं. शेवटच्या पानावर निकाल होता. मेट्रन बॅस्कम यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला असून त्यांच्या सेवेबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं आहे. ब्रिजेट हॅलिननला बादलीबद्दल दिलेली शिक्षा मात्र कायम.

"खटलाच नाही झाला," मी म्हणालो.

"वीतभर कपडा चोरणाऱ्याला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं," आत्या म्हणाली, "आणि हिला प्रमाणपत्र." मग तिचा आवाज बारीक झाला. "डेस, जोसाया त्याच वर्षीचा. एकाच आवारात दोन पोरं. त्याला साय मिळाली, म्हणून तू आणि मी."

आयुष्यभर तिने पोरं तराजूत घालून तोलली होती. वजन वाढत नाही म्हणून रात्ररात्र एखाद्या पोराजवळ बसली होती. तिला निळं दूध म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावात शिरल्यावर ती म्हणाली, "घरी नको. ग्वेंडाकडे घे."

ग्वेंडा स्वयंपाकघरात होती. ओट्यावर इस्त्री केलेल्या टॉवेलांची चळत होती, शनिवारच्या बाजारासाठी. तिने आत्याचा चेहरा पाहिला आणि किटली ठेवली.

"काय झालं? गुन्हा फालतू निघाला?"

"बस, ग्वेंडा."

"माझ्या घरात मला बस म्हणतेस?"

"हो. बस."

ग्वेंडा बसली. आत्याने काही गाळलं नाही. मेट्रन कोण ते सांगितलं, आणि ग्वेंडाच्या तोंडावर जो आनंद पसरला तो बघण्यासारखा होता. इतक्या वर्षांची डुकरीण चालत घरी आली होती. ती हसायला लागली, मांडीवर हात मारून हसली, डोळे पुसले. "मर्टल, अगं तुझी आजी..." असं म्हणेपर्यंत आत्याने जबाबाची प्रत तिच्यापुढे ठेवली. "आधी वाच. मग हस."

ग्वेंडाने वाचलं. किटली शिट्टी वाजवत राहिली, मी उठून बंद केली.

"पोर होतं तिला?" ग्वेंडा म्हणाली. "आधी?"

"होतं."

"आमच्याकडे कुणीच कधी... माझी पणजी तर नंतरची. करवतवाल्याशी लग्न केल्यावरची." तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. "कॉर्नेलियस. माझ्या भावाचं नाव आहे हे. घरात कुणाला माहीत नव्हतं कुठून आलं."

ग्वेंडाने चळतीतला वरचा टॉवेल उचलला, उलगडला, आणि ती एक ओळ वाचत बसली. मग ती उठली, आणि मला वाटलं आता ही आत्याच्या कानाखाली वाजवणार. आत्यालाही तसंच वाटलं असावं, कारण ती हलली नाही आणि तिने मान थोडी पुढे केली.

"मी या ओळीवर लोकांकडून टेबलं बडवून घेतली," ग्वेंडा म्हणाली. "दरवर्षी."

"तुला कुठे ठाऊक होतं."

"आणि तू कशाला सांगायला आलीस? गप्प बसली असतीस तर बिल्ला मिळाला असता."

"गप्प बसायचं काम बाबांनी करून झालंय," आत्या म्हणाली. "आता मी बटाटे खाणार नाही."

ग्वेंडाला त्यातलं काही कळलं नाही. "चहा घेणार का?" तिने विचारलं. आवाज असा, की नाही म्हटलं तर तोच गुन्हा ठरेल. आम्ही चहा घेतला. तो इतका कडक होता की त्यात चमचा उभा राहिला असता.

त्या वर्षीचं जेवण मी विसरणार नाही. टाउन हॉल गच्च भरला होता, मेंढीचं रोस्ट नेहमीप्रमाणे सुकलेलं होतं, आणि आत्या नवा जांभळा कोट घालून दाराजवळच्या पाहुण्यांच्या टेबलावर बसली होती, कारण ग्वेंडाने तिची जागा बदलली होती. चोर, दरोडेखोर, खोटे सह्याजीराव होऊन गेले. मग ग्वेंडा उठली. बकरी झाली, पाद्र्याची मागणी झाली, लोक हसले. दुधाच्या बादलीवर ती आली तशी चमचे सुरू झाले. ग्वेंडा थांबली. नुसती उभी राहिली. हळूहळू एकेक चमचा बंद पडत गेला, शेवटी फक्त म्हातारा बार्नी ट्रँटर वाजवत राहिला, कारण त्याला ऐकू येत नाही. त्याच्या बायकोने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. मग ग्वेंडाने ब्रिजेटचा जबाब वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खाटकाच्या दुकानातल्या त्या खणखणीत आवाजात. हॉलमध्ये कुणी घास गिळला तरी ऐकू आलं असतं.

"आता मर्टल," ती म्हणाली आणि बसली.

आत्या उभी राहिली. "केझाया बॅस्कम," ती म्हणाली. "माझी खापरपणजी. तुमच्या सगळ्यांच्या पूर्वजांनी तिला घूस, डुकरीण आणि मिशीवाली मांजर म्हटलं. ते कमी पडलं. तिने पोरांचं दूध विकलं. तिला शिक्षा झाली नाही. संपलं."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. शेवटी बार्नीने आपल्या बायकोला सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "मग हिला ठेवायची की काढायची?"

"मत घेऊ," ग्वेंडा म्हणाली. "नियम सांगतो, पूर्वजाला कोर्टाने शिक्षा दिलेली असावी. मर्टलच्या पूर्वजाला दिलेली नाही. कोण म्हणतं काढावी?" आणि सगळ्यात आधी तिचाच हात वर गेला. मग एकेक करत बाकीचे. आत्याच्या हातांवर जन्मलेल्या लोकांनी तिच्या डोळ्यांदेखत तिला बाहेर काढली. मला राग आला, मी काहीतरी बोलायला उठत होतो, तर आत्याने कोटाची बाही धरून मला खाली बसवलं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मी असते तर मीही काढलं असतं. पुडिंग इकडे दे."

टॉवेल ग्वेंडाने पुन्हा विकले नाहीत. उरलेल्यांचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. आत्याला नाही, मला.

"डेस, तुम्ही हॉबार्टला कधी जाता?"

"आता काम संपलं ना आमचं."

"त्या खोलीत कॉर्नेलियस एकटा नव्हता," ती म्हणाली. "बाकीच्यांची नावं कुणी काढायची?"

तेव्हापासून बुधवारी माझ्या जुन्या होल्डन गाडीत पुढे आत्या बसते आणि मागे ग्वेंडा. मैत्री झाली म्हणाल तर तसं काही नाही. एकीला काच खाली हवी असते, दुसरीला वर. ग्वेंडा आणते तो फ्रूटकेक आत्याला कोरडा लागतो, आणि आत्या ते दर बुधवारी सांगते, आणि दर बुधवारी दोन तुकडे खाते. मेट्रनचा विषय निघाला की ग्वेंडा "तुमची बाई" म्हणते. आत्या ते ऐकून घेते. एवढी एकच गोष्ट ती ऐकून घेते.

दफ्तरखान्यात रॉलीने त्यांना कोपऱ्यातलं टेबल दिलं आहे, कारण दोघींना हळू बोलता येत नाही. एक पुरण्याच्या नोंदी बघते, दुसरी आयांची वर्तनपत्रकं, आणि दोन्ही जुळलं की आत्या वहीत पोराचं नाव, वय आणि आईचं नाव लिहिते. वजन लिहायला जागा तिने सवयीने आखली होती. ती मोकळीच राहते.

परवा एक मुलगी सापडली. एल्स्पेथ मॅकव्हायची, चार महिन्यांची. या आडनावाचं गावात आता कुणी नाही. ग्वेंडाने आईचं पत्रक डोळ्यांजवळ धरलं.

"ही मेट्रनला चावली होती," ती म्हणाली.

"कुठे?"

"मनगटाला. रक्त निघालं म्हणतात."

"बरं केलं," आत्या म्हणाली, आणि मुलीचं नाव काय ते तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं.